नेमलेल्या वाचनाविषयी अभिप्राय कसा लिहावा, कोणाकडे द्यावा

नेमलेले वाचन म्हणजे अभ्यासक्रमाने किंवा शिक्षकाने अमुक तारखेपर्यंत वाचून यायला सांगितलेला मजकूर. तो पाठ्यपुस्तकातला धडा असेल, संदर्भग्रंथातले प्रकरण असेल, नियतकालिकातला लेख असेल किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली पीडीएफ असेल. त्यावर विद्यार्थ्याचे मत बहुतेक महाविद्यालयांत सेमिस्टर संपताना एका छापील किंवा गुगल फॉर्मवर घेतले जाते, आणि बहुतेक वेळा ते दोन शब्दांत उरकते: ‘चांगले होते’ किंवा ‘जड होते’. पहिल्याने शिक्षक सुखावतो, दुसऱ्याने खट्टू होतो. पुढच्या वर्षी काय ठेवावे, काय बदलावे, हे त्याला दोन्हींतून कळत नाही.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात हा मोघमपणा जास्त महाग पडतो. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतला मराठी विद्यार्थी घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड शिकतो, बाजारात दख्खनी वळणाची हिंदी-उर्दू वापरतो आणि पदवीला आला की इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य हे विषय इंग्रजीतून किंवा कन्नडातून वाचतो. त्याला एखादे प्रकरण जड गेले तर ते विषयामुळे गेले, भाषेमुळे गेले, की पुस्तक चाचणीच्या आदल्या दिवशी हाती पडल्यामुळे गेले, हे त्याच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. त्याने ते सांगितले नाही तर शिक्षक अंदाज बांधतो, आणि हा अंदाज सहसा एकाच दिशेने जातो: मुलांना झेपत नाही, तेव्हा प्रकरण गाळा आणि दोन पानांच्या नोट्स द्या. भाषेची अडचण आहे तिथेच राहते, वाचायचे ग्रंथ मात्र हातचे जातात. म्हणून या भागात अभिप्रायाचे पहिले काम मत देणे हे नव्हे, तर अडचणीचे कारण वेगळे काढून दाखवणे हे आहे.

परक्या भाषेतून वाचण्याची ही स्थिती इथे नवी नाही. दोन्ही जिल्हे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि विद्यार्थ्यांना वाचायला ग्रंथ मिळावेत म्हणून विद्यापीठ सुरू होण्याच्या आधीच, 1917 मध्ये, संस्थानाने भाषांतर विभाग उघडला होता. मराठी आणि कन्नड मुलांसाठी उर्दूही शिकूनच घ्यावी लागणारी भाषा होती, हा भाग निराळा. पण वाचन नेमण्याआधी ते वाचता येण्याची सोय लावायची असते, एवढे त्या व्यवस्थेने ओळखले होते. आज अशी सोय करणारे वेगळे खाते नाही. शिक्षक, ग्रंथपाल आणि अभ्यासमंडळ यांनी ती आपापल्या परीने करायची आहे, आणि कुठे काय कमी पडते हे त्यांना विद्यार्थ्याकडूनच कळणार आहे.

अवघड आणि निरुपयोगी या दोन गोष्टी विद्यार्थी नेहमी एकत्र करतात. शिक्षणशास्त्राच्या संशोधकांनी त्या केव्हाच वेगळ्या केल्या. हर्बर्ट मार्श यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेली ‘सीक’ ही अभिप्राय-प्रश्नावली जगभरच्या विद्यापीठांत वापरली गेली. तिच्यात शिकवण्याचे नऊ पैलू आहेत. नेमलेले वाचन आणि गृहपाठ हा त्यांतला एक पैलू, तर कामाचे ओझे आणि काठिण्य हा दुसरा. म्हणजे एखाद्या मजकुराला काठिण्यात वरचे आणि उपयुक्ततेतही वरचेच गुण मिळू शकतात. चांगल्या संदर्भग्रंथांच्या बाबतीत हे वारंवार घडते. विद्यार्थ्याने आपल्या अभिप्रायात ही दोन विधाने दोन वेगळ्या वाक्यांत लिहिली, तरी शिक्षकाला गाळावे की समजावून सांगावे हे ठरवता येते.

अभिप्रायाची तयारी फॉर्म समोर आल्यावर सुरू करून चालत नाही. चार महिन्यांपूर्वी वाचलेल्या प्रकरणाचे फक्त एक धूसर समाधान किंवा धूसर वैताग उरलेला असतो. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक नेमलेल्या मजकुराची एक ओळ लिहून ठेवली की पुरते. तीत मजकुराचे नाव आणि पाने, तो कधी हाती आला, वाचायला किती वेळ लागला, कुठल्या पानावर गाडी अडली आणि वर्गात त्यावर चर्चा झाली का, एवढे असावे. यातली अडलेल्या पानाची नोंद सर्वांत मोलाची. ‘तिसरे प्रकरण समजले नाही’ यापेक्षा ‘तिसऱ्या प्रकरणात महसुलाच्या आकड्यांपर्यंत समजले, त्यानंतर लेखक ज्या वादाला उत्तर देतो तो वादच माहीत नव्हता’ हे वाक्य शिक्षकाला थेट कामाला लावते.

वेळेची नोंद का ठेवायची, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. मातृभाषा इंग्रजी असलेला प्रौढ वाचक माहितीपर इंग्रजी मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी 238 शब्दांच्या वेगाने वाचतो, असे मार्क ब्रिस्बार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून 2019 मध्ये दाखवले. समजा, नेमलेले प्रकरण 24 पानांचे आहे आणि पानावर 350 शब्द आहेत. एकूण शब्द 8,400. त्या वाचकाला ते सुमारे 35 मिनिटांत संपेल. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी शब्दकोश उघडत मिनिटाला 90 शब्दांनी वाचत असेल तर त्याला दीड तास लागेल, टिपणे काढण्याचा वेळ वेगळा. एका आठवड्यात तीन विषयांची अशी तीन प्रकरणे आली की साडेचार तास नुसत्या वाचनाला जातात. रोज गावाकडून बसने किंवा 2017 मध्ये सुरू झालेल्या बिदर–कलबुर्गी रेल्वेने ये-जा करणाऱ्याला हा वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न खराच आहे. तो आकड्यांत मांडला तर तक्रार वाटत नाही.

हे आकडे ताडून पाहायला एक अधिकृत मापही आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटसाठी विद्यार्थ्याचे एकूण 30 तासांचे काम धरले आहे. वर्गातले तास त्यातच येतात. चार क्रेडिटच्या विषयाचे 60 तास वर्गात गेले तर बाहेर 60 तास उरतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला चार तास. वाचन, असाइनमेंट, इंटर्नल चाचणीची तयारी हे सगळे त्या चार तासांत बसायला हवे. कर्नाटकात 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आणि अभ्यासक्रमांची फेररचना झाली, तरी क्रेडिटची भाषा गेलेली नाही. एखाद्या विषयाचे वाचन आठवड्याला सहा तास घेत असेल तर विद्यार्थ्याने हे माप दाखवून तसे लिहावे. दोन तासच घेत असेल तर तेही लिहावे. तसे लिहिणारा मात्र क्वचितच सापडतो.

मजकूर मिळण्याची अडचण वेळेच्याही आधी येते. सीमाभागात तिला एक भौगोलिक पदर आहे. मराठी विषयाची पुस्तके पुण्या-मुंबईत, छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला छापली जातात आणि ती आणायला विद्यार्थी उदगीर, लातूर, उमरगा, सोलापूर गाठतो. उदगीर तर 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. आता ते दुसऱ्या राज्यात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. तिथल्या दुकानात मिळणारे गाईड त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे असते. नाव तेच, लेखक तोच, पण नेमलेल्या कथा किंवा कविता निराळ्या, असे होऊ शकते. कर्नाटकाच्या बाजूलाही बदल झाला आहे. बिदर जिल्ह्यातली महाविद्यालये आधी 1980 साली स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठाशी संलग्न होती. 2023 मध्ये बिदरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. म्हणून थोरल्या बहिणीच्या नोट्सवरून अभ्यास करणाऱ्या धाकट्याने आधी वाचनयादीवरचे विद्यापीठाचे नाव आणि वर्ष पाहावे, आणि अभिप्राय लिहितानाही दोन्ही लिहावीत. नाहीतर जुन्या यादीवरची तक्रार नव्या यादीच्या माथी बसते.

न मिळणाऱ्या पुस्तकाविषयी लिहिताना नुसते ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे म्हणू नये. ग्रंथालयात किती प्रती आहेत, त्या घरी नेता येतात का, मागणी कधी नोंदवली, मजकूर दुसरीकडे कुठे सापडला, हे लिहावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, आणि कुठलाही चांगला ग्रंथपाल ते मनावर घेतो. त्याला आकडा मिळाला तर प्रती मागवण्याचा प्रस्ताव करता येतो. महाविद्यालय एन-लिस्ट या योजनेचे सदस्य असेल तर इन्फ्लिबनेटमार्फत हजारो ई-पुस्तके आणि नियतकालिके विद्यार्थ्याला घरबसल्या उघडता येतात. त्यासाठीचे खाते ग्रंथालयातूनच मिळते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी इंटरनेटवर मोफत आहेत, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली बरीच पुस्तके मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. राज्याच्या सीमेचा इथे काही अडसर नाही.

महागड्या किंवा छपाईबाह्य ग्रंथातले एखादेच प्रकरण नेमलेले असेल तर विद्यार्थ्याने झेरॉक्स-संचाची सूचना करायला संकोचू नये. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी 2012 मध्ये लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 16 सप्टेंबर 2016 रोजी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही पानांची ठरावीक मर्यादा घातली नाही. मजकूर अध्यापनासाठी आवश्यक असला पाहिजे, ही कसोटी सांगितली. अख्खे पाठ्यपुस्तक छापून विकण्याला हा निकाल लागू होत नाही, हे अर्थातच ध्यानात ठेवायचे.

आता मुख्य गाठ, भाषेची. ती सोडवायला एक उदाहरण घेणे बरे. समजा, बी.ए. इतिहासाच्या वर्गात बहामनी काळासाठी हारून खान शेरवानी यांच्या ‘द बहमनीज ऑफ द डेक्कन’ या 1953 च्या ग्रंथातले बहामनी वजीर महमूद गावानावरचे प्रकरण आणि गुलाम याझदानी यांच्या ‘बिदर: इट्स हिस्टरी अँड मॉन्युमेंट्स’ या 1947 च्या ग्रंथातला गावानाच्या मदरशाचा भाग नेमला आहे. दोन्ही इंग्रजी, दोन्ही जुन्या भारदस्त वळणाचे. बिदरच्या विद्यार्थ्याने 1472 सालचा तो मदरसा रोज कॉलेजला जाताना पाहिलेला असतो. तिथे सुमारे तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय होते, हेही ऐकलेले असते. विषय त्याच्या दारातला आहे, तरी तो फॉर्मवर ‘जड’ लिहून मोकळा होतो.

अशा वेळी त्याने स्वतःला एक परीक्षा लावावी. अडलेला उतारा कोणीतरी मराठीत किंवा कन्नडात तोंडी सांगितला तर समजतो का? समजला, तर अडचण भाषेची. तरीही समजला नाही, तर पूर्वज्ञानाची: दख्खनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरून आलेल्या, सरदारांचा तंटा आधी शिकवलेला नसेल, तर गावानाच्या वधाचे प्रकरण कुठल्याही भाषेत अधांतरीच राहणार. उतारा समजला पण त्याचा अभ्यासक्रमाशी संबंध कळला नाही, तर अडचण नेमणुकीची. याझदानींनी दिलेली इमारतीची मापे आणि नक्षीचे बारकावे इतिहासाच्या पेपरला कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाकडे असूही शकते. तीन कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. भाषेसाठी शब्दयादी, वर्गात वाचून घेतलेली पहिली दोन पाने किंवा मराठीतले जोडवाचन. पूर्वज्ञानासाठी आधी एक तास किंवा विश्वकोशातली नोंद. नेमणुकीसाठी वाचनाआधी दिलेले दोन प्रश्न, म्हणजे काय शोधत वाचायचे ते कळते.

जोडवाचनाची सूचना विद्यार्थ्याने नावानिशी करावी. ‘मराठी पुस्तक द्या’ ही मागणी हवेत राहते. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर इंग्रजी लेख नेमला असेल तर अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक सोबत सुचवता येते. संस्थानाच्या प्रशासनाविषयी वाचायचे असेल तर त्याच प्रशासनात अधिकारी राहिलेले सेतुमाधवराव पगडी यांचे ‘जीवनसेतु’ हे आत्मचरित्र आहे. अशी पुस्तके मूळ वाचनाच्या जागी ठेवा, असे मात्र म्हणू नये. एकाच घटनेवर दोन भाषांत, दोन बाजूंनी लिहिलेले वाचणे हा सीमाभागातल्या विद्यार्थ्याला सहज मिळणारा फायदा आहे, आणि केवळ सोय म्हणून तो सोडून देणे शहाणपणाचे नाही. कन्नड वाचता येत असेल तर तिसरी बाजूही त्याच्यासमोर खुली आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला ती सहसा नसते.

मातृभाषेतला मजकूर सोपाच असतो, हा समजही अभिप्रायात शिरू देऊ नये. एम.ए. मराठीला ‘लीळाचरित्रा’तला भाग नेमला की तेराव्या शतकातली मराठी समोर येते आणि घरची भाषा फारशी कामाला येत नाही. तिथेही नोंद नेमकी हवी: शब्द अडले, महानुभाव पंथाच्या संकल्पना अडल्या, की हातातल्या आवृत्तीत टिपा नव्हत्या? ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते अशा निरनिराळ्या संपादकांच्या आवृत्त्या प्रचारात असल्याने नुसता लीळेचा क्रमांक देऊन भागत नाही. संपादकाचे नाव लिहावे लागते. वर्गात एकाच्या हाती एक आवृत्ती आणि दुसऱ्याच्या हाती दुसरी असेल, तर ती गोष्टच अभिप्रायाचा विषय आहे.

वाचनाचा वर्गाशी आणि परीक्षेशी असलेला सांधा थोडक्यात तपासता येतो. नेमलेले वाचून आलेल्याला आणि न आलेल्याला वर्गात काहीच फरक जाणवत नसेल, तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी वाचत नाही. हे कोणाचे नाव न घेता लिहिता येते: ‘नेमलेल्या सहा प्रकरणांपैकी दोनांवर वर्गात चर्चा झाली, त्या दोनांची तयारी सर्वांत चांगली झाली.’ परीक्षेत विचारले जात नाही म्हणून वाचन काढून टाका, ही मागणी मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न त्यावर यावा, असे उलटे मागितलेले बरे.

अभिप्राय कोणाकडे द्यायचा, यावर त्याचे पुढचे भवितव्य अवलंबून असते. संलग्न महाविद्यालयातला शिक्षक नेमलेले पाठ्यपुस्तक बदलू शकत नाही. ते विद्यापीठाचे अभ्यासमंडळ ठरवते. शिक्षकाच्या हाती असते ते संदर्भवाचनाची निवड, क्रम, तारखा आणि वर्गातला वापर. प्रती, वेळ आणि ई-खाती ग्रंथपालाच्या हाती. म्हणून पाठ्यपुस्तकच बदलावे असे वाटत असेल, तर कारणांसह लिहिलेले निवेदन विभागप्रमुखांमार्फत अभ्यासमंडळाकडे जावे. तीन-चार महाविद्यालयांतून सारखेच मुद्दे आले तर मंडळापुढे त्यांचे वजन वाढते. भालकी आणि औरादच्या विद्यार्थ्यांची अडचण एकच असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांनी आपसात बोलून लिहिले तर बरे. एकच मजकूर सगळ्यांनी उतरवून काढणे मात्र टाळावे, कारण एकाच्या शब्दांत पन्नास सह्या म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी एकच अभिप्राय.

महाविद्यालयांत अभिप्राय घेतले जातात ते बऱ्याच अंशी त्यांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे. 1994 साली स्थापन झालेल्या, बेंगळुरूला मुख्यालय असलेल्या या परिषदेच्या 2017 च्या सुधारित पद्धतीत अभ्यासक्रमाविषयीचा अभिप्राय हा पहिल्याच निकषाचा भाग आहे. तो विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणारे, माजी विद्यार्थी अशा निरनिराळ्या घटकांकडून घ्यायचा असतो, आणि त्याचे विश्लेषण करून काय केले तेही दाखवायचे असते. त्याशिवाय विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण वेगळे. त्यात गुणांकनाचे वीस प्रश्न आणि एक खुला प्रश्न असतो. त्या वीस प्रश्नांत नेमलेल्या वाचनाविषयी थेट असे काही नाही. शेवटच्या खुल्या प्रश्नात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना मागितलेल्या असतात, आणि वाचनाविषयी लिहायला तीच एक जागा आहे. बहुतेक जण ती कोरी सोडतात.

गुणांच्या चौकटींवर फार विसंबू नये, याला संशोधनाचाही आधार आहे. विद्यार्थ्यांकडून गुणांकन घेण्याची पद्धत 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी रुळवली. बॉब उट्टल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनेक अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा शिक्षकाला मिळालेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांच्यात जवळपास काहीच संबंध आढळला नाही. पाचपैकी चार या आकड्यातून कुठले प्रकरण समजले नाही हे कळणार नाही. ते वाक्यांतूनच कळेल.

वेळ साधणे महत्त्वाचे. सेमिस्टरच्या शेवटी दिलेल्या अभिप्रायाचा लाभ पुढच्या तुकडीला होतो, देणाऱ्याला नाही. पीटर कोहेन यांनी 1980 मध्येच दाखवले होते की मध्यावर मिळालेल्या अभिप्रायाने त्याच सत्रातले शिकवणे सुधारते, विशेषतः शिक्षकाने त्यावर कोणाशी सल्लामसलत केली तर. म्हणून पहिली इंटर्नल चाचणी झाली की वर्गप्रतिनिधीने सरांकडे किंवा मॅडमकडे पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि प्रत्येकाने एका चिठ्ठीवर ‘आतापर्यंतच्या वाचनातले सर्वांत न उमगलेले काय’ एवढेच लिहावे. हार्वर्डमध्ये संख्याशास्त्र शिकवणारे फ्रेडरिक मोस्टेलर ही युक्ती वापरत; तिला फॉर्म लागत नाही, समिती लागत नाही.

निनावीपणाचा भरवसा छोट्या वर्गात धरू नये. एम.ए. मराठीच्या वर्गात आठ-नऊ विद्यार्थी असतील तर अक्षरावरून नाव कळते. कन्नड माध्यमाच्या वर्गात एकच चिठ्ठी मराठीत असेल तर तेवढेही लागत नाही. त्यामुळे खाली सही केली तरी लाज वाटणार नाही, अशाच शब्दांत लिहिणे श्रेयस्कर. भाषा कोणती निवडावी? ज्या भाषेत नेमके लिहिता येते ती, आणि वाचणाऱ्याला कळते ती. दोन्ही एक नसतील तर छोटी इंग्रजी किंवा कन्नड वाक्ये लिहावीत, अडलेल्या उताऱ्याचा पानक्रमांक द्यावा आणि मित्राकडून एकदा तपासून घ्यावे. पानक्रमांक सगळ्या भाषांत सारखाच वाचला जातो.

प्रत्यक्ष मजकूर मोठा असण्याची गरज नाही. पुढील नमुना पुरेसा होईल: ‘मॅडम, गावानावरच्या प्रकरणाची 24 पाने वाचायला मला दोन बैठकी आणि सुमारे अडीच तास लागले. पहिली दहा पाने समजली. पुढे सरदारांच्या दोन गटांचा वाद येतो, तो आधी माहीत नसल्याने वधाचे कारण नीट कळले नाही. इंग्रजी शब्द अडले, पण तो भाग आपण वर्गात सांगितल्यावर लगेच उलगडला. म्हणजे शब्दयादी आधी मिळाली तर वाचता येईल. प्रकरण उपयोगी आहे, ते ठेवावे. ग्रंथालयात एकच प्रत असल्याने या पानांचा झेरॉक्स-संच मिळावा, ही विनंती.’ यात स्तुती नाही, गाऱ्हाणे नाही, आणि तीन मागण्या एकमेकींत न मिसळता मांडलेल्या आहेत. त्यातली एक तर शिक्षिकेने काही बदलू नये अशी आहे, आणि तीही लिहावी लागते. जे चालले आहे ते ठेवा असे कोणी सांगितले नाही, तर फेररचनेत नेमके तेच कापले जाण्याची भीती असते.

अभिप्राय आणि तक्रार यांची सरमिसळ करू नये. न मिळालेल्या गुणांविषयी, भेदभावाविषयी किंवा फीविषयी काही म्हणणे असेल तर त्यासाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल असतो. वाचनाच्या फॉर्ममध्ये अशी तक्रार कोंबली तर तिची दाद लागत नाही आणि वाचनाविषयीचे म्हणणेही संशयाने वाचले जाते.

दिलेल्या अभिप्रायाचे काय झाले, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे. बहुतेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या, पानावर अभिप्रायांचे विश्लेषण आणि कृती-अहवाल ठेवलेला असतो. तो उघडून वाचनाविषयी एक तरी ओळ आहे का, ते पाहावे. नसेल तर कक्षाच्या समन्वयकांना विचारावे. त्या कक्षावर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही असतो, त्याच्यामार्फतही मुद्दा नेता येतो. आणि पदवी मिळाल्यावर एक-दोन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म येतो, तो भरायला विसरू नये. नेट परीक्षेला, शाळेत शिकवताना किंवा तहसीलच्या नोकरीत नेमलेल्या वाचनातले काय कामी आले आणि काय नाही, हे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला माहीत नसते. ते त्या फॉर्ममध्ये प्रकरणांच्या नावांनिशी लिहावे, आणि आपण कोणत्या विद्यापीठाचा, कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम शिकलो तेही वर नोंदवावे.